बहिणीच्या मारेकऱ्याला राखी: पाप, दुःख आणि समेटाचं एक प्रकरण

मध्य प्रदेशातलं देवास म्हटलं की आपल्याकडच्या माणसाला कुमार गंधर्व आठवतात. त्याच देवास जिल्ह्याच्या दक्षिण अंगाला, नर्मदेच्या खोऱ्याकडे उतरणाऱ्या डोंगराळ पट्ट्यात उदयनगर आहे. आदिवासी वस्ती, पावसावरची शेती, हंगामाआधी सावकाराकडून उचल आणि हंगामानंतर त्याच सावकाराच्या खळ्यावर धान्य. १९९५ साली या गावाहून इंदूरला निघालेल्या बसमध्ये एका ख्रिस्ती धर्मभगिनीचा खून झाला. सात वर्षांनी तिच्या सख्ख्या बहिणीने तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. पुढे मारेकरी केरळात तिच्या आईवडिलांच्या घरी गेला.

चर्चमध्ये ही गोष्ट क्षमेचं उदाहरण म्हणून सांगितली जाते, आणि बहुतेक वेळा तीन मिनिटांत उरकली जाते. खून झाला, कुटुंबाने माफ केलं, देवाची स्तुती असो. मला ती इतक्या घाईने सांगितलेली आवडत नाही. पाप म्हणजे नेमकं काय बिघडतं, ते बिघडल्याचा भोग कुणाच्या वाट्याला येतो आणि तुटलेलं नातं जोडायला काय काय लागतं, हे सगळं या एका प्रकरणात पायरी पायरीने दिसतं. म्हणून ते सावकाश मांडतो.

माणसं आणि गाव

राणी मारिया वट्टालील यांचा जन्म २९ जानेवारी १९५४ रोजी केरळच्या एर्नाकुलम जिल्ह्यातल्या पुल्लुवळी गावी झाला. वडील पैली, आई एलिस्वा, घर शेतकऱ्याचं. विशीच्या आतच त्या फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघात दाखल झाल्या. १९७५ साली त्या उत्तर प्रदेशात बिजनोरला आल्या, पुढे मध्य प्रदेशात सतना धर्मप्रांतात काम केलं आणि १९९२ मध्ये उदयनगरला आल्या. धाकटी बहीण सेल्मी पॉल याच संघाची धर्मभगिनी.

उदयनगरला त्यांनी जे केलं त्याला कुणी धर्मप्रसार म्हणेल, कुणी समाजकार्य. व्यवहारात ते असं होतं: शेतकऱ्यांना गोळा करायचं, बँकेचं कर्ज कसं मिळतं ते समजावायचं, सरकारी योजनांचे अर्ज भरायला मदत करायची, गट बांधायचे, मजुरीचा हिशेब विचारायला शिकवायचं. सावकाराच्या दृष्टीने यातली प्रत्येक गोष्ट घातक होती. कर्ज बँकेतून मिळालं की उचल घ्यायला माणूस येत नाही, उचल नसली की तो स्वस्तात राबायला येत नाही. उदयनगरमधली चीड या हिशेबातून आलेली होती.

तिसरा माणूस समंदर सिंग. तरुण शेतकरी, घरी बायको. भागातल्या वजनदार जमीनदाराने आपल्याला भरीस घातलं, असं त्याने पुढे अनेकदा सांगितलं. त्याला बाईंबद्दल जे सांगण्यात आलं ते असं की ही बाई लोकांना बाटवते आणि आपल्या माणसांना बिथरवते. त्याने ते खरं मानलं.

चौथा माणूस स्वामी सदानंद. ते या गोष्टीत बरेच उशिरा येतात, पण त्यांच्याशिवाय गोष्ट पुढे सरकतच नाही. मूळचे केरळचे, सीएमआय (कार्मेलाइट्स ऑफ मेरी इमॅक्युलेट) या संघाचे कॅथलिक धर्मगुरू. मध्य प्रदेशात ते भगवी वस्त्रं घालून संन्याशासारखे राहायचे आणि तुरुंगांत कैद्यांना भेटायला जायचे.

२५ फेब्रुवारी १९९५

राणी मारिया सकाळी उदयनगरहून इंदूरच्या बसमध्ये बसल्या. पुढे त्यांना केरळला जायचं होतं. बसमध्ये पन्नासेक प्रवासी होते. वाटेत नाचनबोर डोंगराजवळ समंदर सिंग उठला आणि त्याने चाकूने वार सुरू केले. बसमध्ये वार झाले, मग ओढून रस्त्यावर नेल्यावरही झाले. अंगावर एकूण ५४ जखमा होत्या. शेवटपर्यंत त्या येशूचं नाव घेत होत्या, असं सांगितलं जातं. प्रवाशांपैकी कुणी मध्ये पडलं नाही. देह बराच वेळ रस्त्याच्या कडेला पडून होता.

समंदर सिंगला अटक झाली, खटला चालला, जन्मठेप झाली. पोलीस आणि न्यायालयाच्या दृष्टीने गोष्ट इथे संपते. आपल्या दृष्टीने ती इथून सुरू होते.

हे कुणाच्या पापाचं फळ?

आपल्याकडे कुणावर आपत्ती आली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: असं काय केलं होतं त्यांनी? भोग, प्रारब्ध, मागच्या जन्माचं देणं, हे शब्द ख्रिस्ती घरांतही सर्रास ऐकू येतात. फक्त त्यांच्यावर पवित्र शास्त्राचा पातळ मुलामा चढवलेला असतो: देवाने शिक्षा दिली, देव परीक्षा बघतोय. समुपदेशनाला येणाऱ्या माणसांकडून मी हे इतक्यांदा ऐकतो की आता पहिल्याच बैठकीत हा प्रश्न मीच काढतो आणि मोकळा करतो.

पवित्र शास्त्र या प्रश्नाला तीन ठिकाणी तोंड देतं आणि तिन्ही ठिकाणी तो प्रश्नच नाकारतं. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणूस दिसतो. शिष्य विचारतात, पाप याचं की याच्या आईबापांचं? येशू म्हणतो, कुणाचंच नाही. लूकच्या तेराव्या अध्यायात दोन बातम्या येतात. पिलाताने काही गालीलकरांना मंदिरातच कापलं, आणि शिलोहचा बुरूज पडून १८ माणसं चिरडली. ते इतरांपेक्षा जास्त पापी होते असं तुम्हाला वाटतं का, असं तो विचारतो आणि नाही म्हणतो. जुन्या करारात, निर्दोष असून संकटं कोसळलेल्या ईयोबाचे मित्र अध्यायामागून अध्याय हाच हिशेब मांडत बसतात, आणि शेवटी देव त्या मित्रांनाच म्हणतो की तुम्ही माझ्याविषयी खरं बोलला नाहीत.

म्हणजे पापाचा आणि दुःखाचा संबंधच नाही का? आहे, आणि घट्ट आहे. फक्त तो शिष्यांना वाटतो त्या दिशेने जात नाही. एकाने केलेलं पाप बहुतेक वेळा दुसऱ्याला भोगावं लागतं. पाप समंदर सिंगने केलं आणि जखमा झाल्या राणी मारियांच्या अंगावर. त्याच्या मागे पाप होतं सावकारीचं, भोगलं आदिवासींनी. पैली आणि एलिस्वा यांनी कुणाचं काय वाईट केलं होतं? त्यांच्या म्हातारपणी लेकीच्या खुनाचं ओझं येऊन पडलं. कर्मसिद्धान्तात ज्याचं त्याने भोगायचं, म्हणून हिशेब पुढेमागे कधीतरी जुळतो. ख्रिस्ती विचारात हिशेब जुळत नाही, हाच सगळा पेच आहे. निर्दोष माणसाने दुसऱ्याचं भोगलं ही ख्रिस्तसभेच्या श्रद्धेची मध्यवर्ती घटना, आणि क्रूस म्हणजे न जुळलेल्या हिशेबाची जागा.

यातून व्यवहारातली एक गोष्ट निघते. माझ्या पापाने दुसऱ्याला जखम झाली असेल, तर ते पाप मी एकट्याने, माझ्या खोलीत, माझ्या पश्चात्तापाने बरं करू शकत नाही. जखम दुसऱ्याकडे आहे. मत्तयाच्या पाचव्या अध्यायातली आज्ञा म्हणूनच इतकी अडचणीची आहे: वेदीपाशी दान घेऊन उभा असताना भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर दान तिथेच ठेव, आधी त्याच्याशी समेट कर, मग परत ये. देवाकडे जायचा रस्ता त्या भावाच्या दारावरून जातो.

चर्चच्या नजरेत ती शहीद का

इथे एक आडवळण घेतो, कारण हा आक्षेप प्रामाणिक आहे. राणी मारिया धर्मासाठी मेल्या की सावकारी अर्थकारणामुळे? बँकेचे अर्ज भरून देणं हे काही श्रद्धेचं कृत्य नाही, असं म्हणणारे ख्रिस्ती लोकही मला भेटले आहेत.

कॅथलिक परंपरेत शहीद ठरायला खून श्रद्धेच्या द्वेषातून झालेला असावा लागतो. २३ मार्च २०१७ रोजी पोप फ्रान्सिस यांनी राणी मारियांचं हौतात्म्य मान्य केलं. त्याआधी दोन वर्षं एल साल्वादोरचे आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांच्याबाबतीतही असंच ठरलं होतं, तेही गरिबांच्या बाजूने बोलले म्हणूनच मारले गेले होते. गरिबाची बाजू घेणं हे श्रद्धेचंच काम असेल, तर त्यासाठी केलेला द्वेष श्रद्धेचा द्वेष ठरतो, असा तो युक्तिवाद. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८७ च्या आपल्या परिपत्रकात ‘पापाच्या रचना’ असा शब्दप्रयोग केला होता: पाप एखाद्या माणसात सुरू होतं, पण पुढे ते व्यवस्थेत, कर्जाच्या वहीत, मजुरीच्या दरात जाऊन बसतं आणि तिथे बसलं की कुणा एकाचं राहत नाही.

या प्रकरणात समंदर सिंग एकटा पकडता आला, कारण चाकू त्याच्या हातात होता. रचनेला बेड्या घालता येत नाहीत.

तुरुंगातली वर्षं

तुरुंगात समंदर सिंगचं घर मोडलं, बायको सोडून गेली. ज्याने भरीस घातलं त्याने पाठ फिरवली. मग त्याच्या मनात पश्चात्तापाच्या आधी सूड आला. सुटलो की त्या माणसाला मारणार, हे त्याने ठरवलं होतं आणि पुढे स्वतःच तसं सांगितलं.

प्रवचनांत हा भाग गाळला जातो, आणि समुपदेशकाच्या दृष्टीने तोच सगळ्यांत महत्त्वाचा आहे. अपराधी माणूस एकदम रडत गुडघ्यावर येत नाही. आधी तो स्वतःला बळी समजतो. मला फसवलं, मला वापरलं, माझंही वाटोळं झालं. यात खोटं काही नाही, त्याला खरंच वापरलं गेलं होतं. पण ‘मला फसवलं’ या वाक्यात माणूस जन्मभर मुक्काम करू शकतो. दारू पिऊन घर उद्ध्वस्त केलेला नवरा, भावाची जमीन लाटलेला भाऊ, सगळे आधी याच मुक्कामाला थांबतात आणि तिथून पुढे त्यांना कुणी हलवत नाही.

उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात काइन आपल्या भावाला मारतो. देव विचारतो, तुझा भाऊ हाबेल कुठे आहे? काइन म्हणतो, मी काय माझ्या भावाचा राखणदार आहे? त्याला शिक्षा होते, तो परागंदा होतो. पण पुढे एक गोष्ट घडते जी रविवारच्या शाळेत शिकवली जात नाही. काइन म्हणतो, आता जो भेटेल तो मला मारील. त्यावर देव त्याच्यावर खूण करतो, ती अशासाठी की त्याला कुणी मारू नये. शिक्षा कायम, पण खुनाची साखळी तिथेच थांबवायची.

स्वामी सदानंद तुरुंगात जे करत होते ते याच्या जवळचं आहे. ते पुन्हा पुन्हा गेले. तुझ्या हातून पहिला खून झाला त्याची क्षमा माग, हे सांगण्याआधी दुसरा खून मनातून काढणं भाग होतं. त्या कुटुंबाने तुला माफ केलं आहे, हे त्यांनी त्याला सांगितलं तेव्हा त्याला ते पटलं नाही. कसं पटेल? ज्याचं माणूस मारलं तो सूडच घेणार, हे त्याच्या जगातलं साधं गणित होतं. तो स्वतः तेच करायला निघाला होता.

क्षमा आधी, समेट नंतर

आता नीट पाहा, किती माणसांनी किती वेगवेगळ्या गोष्टी केल्या.

आईवडिलांनी आणि बहिणीने मनात क्षमा केली. ही क्षमा समंदर सिंगच्या पश्चात्तापाची वाट पाहत बसली नाही. तो तिकडे सूड घोकत होता तेव्हाही ती होती. क्रूसावरून येशू मारेकऱ्यांसाठी क्षमा मागतो तेव्हा त्या सैनिकांपैकी कुणी माफी मागितलेली नसते, ते त्याचे कपडे वाटून घेण्यात गुंतलेले असतात. क्षमा एकतर्फी होऊ शकते. ती ज्याने सोसलं त्याच्या अखत्यारीतली गोष्ट आहे.

समेट मात्र एकतर्फी होत नाही. त्याला दोन्ही बाजूंची माणसं समोरासमोर यावी लागतात आणि ज्याने केलं त्याने ‘मी केलं’ असं म्हणावं लागतं. या प्रकरणात त्याला सात वर्षं लागली. ऑगस्ट २००२ मध्ये, राखीपौर्णिमेच्या सुमारास, सिस्टर सेल्मी पॉल इंदूरच्या तुरुंगात गेल्या आणि त्यांनी समंदर सिंगच्या मनगटाला राखी बांधली. तो रडला, त्याने क्षमा मागितली.

राखीच का? कॅथलिक चर्चकडे यासाठी स्वतःचा संस्कार आहे: पश्चात्ताप, धर्मगुरूपाशी पापांची कबुली, प्रायश्चित्त. पण तो बाप्तिस्मा झालेल्यांसाठी. समंदर सिंग हिंदू होता, कबुलीच्या खिडकीशी तो गुडघे टेकू शकत नव्हता. भगव्या वस्त्रातल्या एका कॅथलिक धर्मगुरूने जोडलेली ही भेट मग रक्षाबंधनाच्या रूपात झाली. मला ही पळवाट वाटत नाही. उलट राखीत असं काही आहे जे ‘जा, तुला माफ केलं’ या वाक्यात नाही. माफी मिळाली की माणूस मोकळा होतो आणि निघून जातो. राखी बांधली की बांधला जातो. आता तो भाऊ झाला, आणि भावाला जबाबदाऱ्या असतात. ज्याने बहीण मारली त्याला बहिणीचं नातं देणं म्हणजे काइनाला पडलेला राखणदारीचा प्रश्न पुन्हा त्याच्यापुढे ठेवणं. यावेळी त्याने हो म्हटलं.

मग आई. एलिस्वांनी समंदर सिंगचे हात चुंबले, कारण त्या हातांना आपल्या लेकीचं रक्त लागलेलं आहे. याचा अर्थ धर्मशास्त्रज्ञ हौतात्म्याच्या रक्ताच्या पावित्र्याशी जोडतात, आणि तसं ते असेलही. मला त्यात आधी आई दिसते. लेकीला शेवटचा स्पर्श ज्या हातांचा झाला ते हात समोर होते. क्षमेच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात हे बसत नाही, आणि कुणी कुणाला ‘तूही असंच कर’ म्हणून शिकवूही नये.

पुढे कुटुंबाने आणि संघाने त्याच्या सुटकेसाठी शासनाकडे अर्ज केला आणि २००६ च्या ऑगस्टमध्ये तो सुटला. जानेवारी २००७ मध्ये स्वामी सदानंद त्याला पुल्लुवळीला घेऊन गेले. सुटल्यावर तो गावी परतला, शेती करू लागला आणि उदयनगरला राणी मारियांच्या कबरीपाशी जात राहिला. त्या जमीनदाराला मारायचा बेत त्याने सोडून दिला. लूकच्या १९ व्या अध्यायातला जकातदार जक्कय येशूला घरी जेवू घालून थांबत नाही, फसवलेल्यांना चौपट परत देईन म्हणतो. खुनाची भरपाई चौपट काय, एकपटही होत नाही. तरी काहीतरी परत करत राहावं लागतं, नाहीतर पश्चात्ताप हा नुसता मूड ठरतो.

४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरमध्ये राणी मारियांना ‘धन्य’ (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं गेलं. रोमहून कार्डिनल आंजेलो आमातो आले होते. समारंभाला समंदर सिंग हजर होता.

असं आधी कधी झालंच नव्हतं असं नाही. इटलीत १९०२ साली अकरा वर्षांच्या मारिया गोरेत्तीला मारणारा आलेस्सांद्रो सेरेनेल्ली २७ वर्षं तुरुंगात काढून बाहेर आला आणि तिच्या आईपुढे क्षमा मागायला उभा राहिला. तिने केली. आपल्या देशात जानेवारी १९९९ मध्ये ओडिशातल्या मनोहरपूर इथे ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहॅम स्टेन्स आणि त्यांच्या दोन लहान मुलांना गाडीत जिवंत जाळलं गेलं. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी क्षमा जाहीर केली आणि त्या बारीपद्याच्या कुष्ठरोग्यांच्या कामात पुढेही राहिल्या. तिथे मारेकऱ्यांशी राखीसारखं नातं जुळलं नाही. म्हणून त्यांची क्षमा उणी ठरत नाही. समेट झाला नाही, एवढंच.

हे प्रकरण कुणावर उगारू नये

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो.

मार खाऊन आलेल्या बाईला पाळक किंवा सासू असं म्हणते: राणी मारियाच्या घरच्यांनी खुन्याला माफ केलं, तुला नवऱ्याला माफ करता येत नाही? क्रूस उचल. हा या प्रकरणाचा सरळ गैरवापर आहे, आणि तो करणाऱ्याने प्रकरण वाचलेलं नसतं.

सेल्मी पॉल राखी बांधायला गेल्या तेव्हा समंदर सिंग गजाआड होता. त्याला शिक्षा झालेली होती. खून झाला हे न्यायालयाने मानलेलं होतं, ‘तसं काही झालंच नाही’ किंवा ‘तिनेच भाग पाडलं’ असं म्हणायची सोय उरली नव्हती. मध्ये सात वर्षं गेली होती. एक जाणता तिसरा माणूस दोघांमध्ये होता, आणि तो आधी अपराध्याकडे गेला. पीडितांकडे जाऊन त्याने ‘सोडून द्या’ म्हटलं नाही. राखीनंतर सेल्मी आपल्या मठात परतल्या, समंदर सिंगच्या घरी राहायला गेल्या नाहीत. सुटकेचा अर्ज नंतर आला, आणि तो ज्यांचं माणूस गेलं त्यांनी स्वतःच्या मनाने केला.

मारकुट्या नवऱ्याच्या बाबतीत यातलं काय असतं? मार कबूल नसतो, शिक्षा नसते, अंतर नसतं, वेळ नसतो. असतं ते फक्त बाईला दिलेलं माफीचं फर्मान. त्या बाईने मनात क्षमा करायची की नाही, कधी करायची, हे तिचं आणि देवाचं. पण घरी परतणं हा समेट आहे, आणि समेटाच्या अटी पुऱ्या झालेल्या नाहीत. तिने पोलिसांत तक्रार केली तर क्षमेला बाध येत नाही, हे मी अशा प्रत्येक घरात स्पष्ट सांगतो. राणी मारियांच्या कुटुंबाच्या क्षमेने खटला थांबला नव्हता.

आणि तिच्या दुःखाला ‘तुझा क्रूस’ म्हणायच्या आधी दोनदा विचार करावा. येशूने क्रूस उचलला तो स्वतःहून. राणी मारियाही त्या कामातला धोका पत्करून राहिल्या. दुसऱ्याने पाठीवर लादलेलं ओझं आणि आपण होऊन उचललेलं ओझं, दोन्हीचं वजन सारखं असलं तरी ती एक गोष्ट नव्हे. पहिलं उतरवून ठेवायला मदत करणं हेच ख्रिस्ती माणसाचं काम.

जे जुळलं नाही

या प्रकरणाला सुखान्त म्हणतात. मी तसं म्हणणार नाही, कारण दोन ठिकाणी ते उघडंच राहिलं.

एक तर जमीनदारीचा धागा. समंदर सिंगने सूड सोडला ही त्याची बाजू झाली. पण ज्या हिशेबामुळे बाईंचा काटा काढावासा वाटला, त्या हिशेबाच्या वतीने कुणी कुणाच्या पाया पडलं नाही. आणि आदिवासींचं काय? त्यांचाही आधार गेला होता. कुटुंबाने आपल्या वाट्याची क्षमा केली. आदिवासींच्या वाट्याची क्षमा दुसरं कुणी करू शकत नाही, आणि ती त्यांच्याकडे कुणी मागितली नाही.

दुसरे ते पन्नासेक प्रवासी. मिस्सेच्या, म्हणजे चर्चमधल्या उपासनेच्या, सुरुवातीला आम्ही जी पापांची कबुली म्हणतो, तिच्यात केलेल्या पापांबरोबर न केलेल्या कर्तव्याचंही पाप असतं. त्या दिवशी बसमध्ये एकाच्या हातात चाकू होता आणि बाकीचे भ्यायले. भीती मी समजू शकतो, मीही त्या बसमध्ये बसूनच राहिलो असतो. पण त्यांच्याकडे कुणी स्वामी सदानंद गेले नाहीत, त्यांच्या मनगटाला कुणी राखी बांधली नाही, त्यांना शिक्षा झाली नाही आणि म्हणून क्षमाही मिळाली नाही. कुटुंबांच्या बैठकीत मी हे प्रकरण घेतो तेव्हा शेवटी त्यांच्याबद्दलच विचारतो. मार चालू असताना शेजारच्या खोलीत कोण कोण होतं, आणि त्यांच्याशी कोण बोललं? बैठकीला आलेले दीर, जावा, सासरे या प्रश्नापर्यंत स्वतःला पाहुणे समजत असतात.